देवाचे आभार मानताना

पावसाळा सुरू झाला की मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळकडे शहरी माणसांची पावले वळू लागतात. पालघर जिल्ह्यातील सर्वांत उंच ठिकाण म्हणून सूर्यमाळ ओळखले जाते. धुक्यात बुडालेले पठार, उतारावरची नागली-वरईची शेते, खाली दरीत भाताची खाचरे, असे ते दृश्य मनाला प्रसन्न करणारे असते. वसई-मुंबईकडची आपली ख्रिस्ती कुटुंबेही मुलाबाळांसह तेथे येतात. परतीच्या वाटेवर एखाद्या पाड्यावरची अनवाणी मुले दिसली की गाडीतील आई किंवा वडील आपल्या मुलाला सांगतात, "बघ बाळा, ही मुले कशी राहतात! देवाने आपल्याला किती दिले आहे, त्याचे आभार मान."

हे उद्गार मी अनेक तोंडून, अनेक निमित्तांनी ऐकले आहेत. ताटात अन्न टाकणाऱ्या मुलालाही आपण असेच काहीसे सुनावतो. त्यामागचा हेतू वाईट असतो, असे कोण म्हणेल? आपल्या लेकरांनी उन्मत्त होऊ नये, मिळालेल्याचे मोल जाणावे, एवढीच पालकांची इच्छा असते. तरीही या उद्गारांपाशी थोडे थांबून विचार करावा, असे मला वाटते. दुसऱ्याच्या उणिवेकडे बोट दाखवून शिकवलेली कृतज्ञता ही ख्रिस्ती कृतज्ञता आहे काय? कुटुंबाच्या दैनंदिन जीवनात कृतज्ञ राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने मंदिरात प्रार्थना करणाऱ्या दोन माणसांचा दाखला सांगितला आहे. एक परुशी, दुसरा जकातदार. परुशाच्या गर्वाविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्याच्या प्रार्थनेचा आरंभ आभाराने होतो, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. तो देवाजवळ काहीही मागत नाही, तक्रारही करीत नाही. तो केवळ आभार मानतो. आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर मुळीच नाही, याबद्दल! शब्द आभाराचे आहेत, मुख देवाकडे आहे, पण डोळे मात्र शेजाऱ्यावर खिळलेले आहेत. आणि प्रभू सांगतो की, नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच.

तुलनेवर उभ्या असलेल्या आभारप्रार्थनेत दोन दोष असतात. पहिला असा की, तिला दुसऱ्याच्या दारिद्र्याची गरज लागते. पाड्यावरच्या त्या मुलांना उद्या पोटभर अन्न, पायांत चपला आणि चांगली शाळा मिळाली, तर आपल्या आभाराचा आधारच निखळून पडेल. जी कृतज्ञता शेजाऱ्याचे भले झाल्याने कमी होते, ती प्रेमाच्या परमेश्वराला कशी रुचावी? दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. अशा प्रार्थनेत आपण नकळत देवावर पक्षपाताचा आरोप करीत असतो. जणू काही त्याने वसईला ओंजळ भरभरून दिले आणि मोखाड्यापाशी येताच हात आखडता घेतला!

वस्तुस्थिती काय आहे? परमेश्वराने सूर्यमाळच्या माथ्यावर पाऊस कमी पाडलेला नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही उन्हाळा आला की मोखाड्यातील अनेक पाड्यांवरच्या मायबहिणींना हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. या डोंगरांवरचे पाणी वैतरणा आणि सूर्या या नद्यांतून खाली जाते. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच नदीवर मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण २०१२ मध्ये बांधून झाले. मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. सूर्या नदीवरील धामणी धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील शेतीच्या सिंचनासाठी योजलेले होते. आज त्याचे पाणी वसई-विरारच्या घराघरांतून वाहते. धरणाखाली ज्यांची घरे-शेते गेली, त्यांत प्रामुख्याने आदिवासी बांधव होते.

पाण्यासारखीच गोष्ट विटांची. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील कातकरी, वारली आणि इतर कुटुंबे गावे सोडून भिवंडी, वाडा, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. लहान मुलेही आईबापांबरोबर जातात. त्यांची शाळा मागे राहते. चिखल तुडवणे, विटा थापणे, भट्टी रचणे ही कामे करून ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आपली नवी घरे, सभागृहे, आणि हो, आपली काही प्रार्थनामंदिरेही या हातांनी थापलेल्या विटांवर उभी आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर लेकरे कुपोषणाने दगावत होती. जी भूमी आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी आणि वीट पाठवते, त्याच भूमीची ही कथा आहे.

हे ध्यानात घेतले की गाडीतल्या मुलाला सांगायचे वाक्य बदलते. "आपण त्यांच्यासारखे नाही, म्हणून देवाचे आभार मान," असे म्हणण्याऐवजी आपण म्हणू, "बाळा, तू घरी जे पाणी पितोस ते या डोंगरांवरून येते. आपल्या घराच्या विटा कदाचित यांच्याच आईबाबांनी थापल्या असतील. देवाने आपल्याला जे दिले, ते यांच्या हातून दिले आहे." पहिल्या वाक्याने मुलाच्या मनात दया उत्पन्न होईल; कदाचित थोडी सुटकेची भावनाही. दुसऱ्या वाक्याने नाते उत्पन्न होईल. आणि नात्यावाचून कृतज्ञता नाही.

आपल्या भाषेने हा अर्थ शब्दातच साठवून ठेवला आहे. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. कृतज्ञतेची पहिली पायरी भावना ही नव्हे, तर ज्ञान ही होय. संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेला न्याय या सद्‌गुणाच्या परिवारात स्थान दिले आहे, हे मोठे अर्थपूर्ण आहे. त्यांच्या मते कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या आहेत : उपकार ओळखणे, त्याबद्दल आभार व्यक्त करणे आणि योग्य स्थळी, योग्य वेळी, यथाशक्ती त्याची परतफेड करणे. कृतघ्नतेच्याही त्यांनी अशाच पायऱ्या सांगितल्या आहेत. परतफेड न करणे ही त्यांतली सर्वांत सौम्य. आणि उपकार झाला हेच न ओळखणे, विसरून जाणे, ही सर्वांत वाईट. आपण बहुधा मधल्या पायरीवरच वावरतो. शब्दांचे आभार आपल्याकडे उदंड असतात. समारंभाच्या अखेरीस आभारप्रदर्शनाला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. पण ओळख आणि परतफेड, ही दोन टोके मोकळीच राहतात.

येथे कोणी श्रद्धावान विचारील, "फादर, सर्व दाने परमेश्वराकडून येतात, ही आपली श्रद्धा. मग माणसांचे इतके ऋण मानल्याने देवाच्या गौरवात उणेपणा येणार नाही काय?" प्रश्न योग्य आहे. परंतु ख्रिस्तसभेची परंपरागत शिकवण अशी की, परमेश्वर हे आदिकारण आहे आणि तो आपल्या निर्मितीला दुय्यम कारणे होण्याचा सन्मान देतो. तो भाकर आकाशातून टाकीत नाही. शेतकरी, मळणी करणारी स्त्री, दळणारा, भाजणारी आई यांच्या हातांतून ती आपल्यापर्यंत पोहोचवतो. ते हात न पाहता केवळ आकाशाकडे पाहून आभार मानणे म्हणजे पत्र वाचून ते आणणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे आहे. पत्र पाठवणाऱ्याला ते आवडेल काय?

पवित्र शास्त्राने हे दोन्ही आभार एकत्र बांधले आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी आहे. शेतकऱ्याने टोपली भरून आणावी आणि देवासमोर उभे राहून आपल्या कुळाची कथा सांगावी : आपला पूर्वज भटका होता, मिसर देशात परका होता, गुलामगिरीत पिचत होता आणि परमेश्वराने त्याला सोडवले. आज जमीनदार झालेल्या माणसाने स्वतःला आठवण करून द्यायची की, आपण कधी काळी उपरे होतो, वेठीला जुंपलेले होतो. आणि विधी तेथेच संपत नाही. त्या पिकाचा आनंद त्याने लेवी आणि आपल्यामध्ये राहणारा परका यांच्यासह भोगावा, असे शास्त्र सांगते. पुढे लगेच अनाथ आणि विधवा यांच्या वाट्याचीही तरतूद येते. ज्या आभाराच्या पंगतीत परक्याला पान नाही, तो आभार अपुरा आहे.

नव्या पिकाचा हा कृतज्ञभाव आपल्या मातीलाही अपरिचित नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाज आगेराचा सण साजरा करतो; भाताची नवी कणसे वाजतगाजत प्रार्थनामंदिरात आणून आशीर्वादित केली जातात. गोव्यात ऑगस्ट महिन्यात गावोगावी कणसांचे फेस्त होते. आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली बांधव धान्याची देवता कणसरी हिचे स्मरण केल्यावाचून नवे धान्य तोंडात घालीत नाहीत. तारप्याच्या सुरांवर रात्र रात्र नाच चालतो. श्रद्धा भिन्न आहेत, याचे भान मला आहे. तरी पहिला घास आपला नव्हे, ही जाणीव तिन्ही ठिकाणी आहे. शेती सुटून ज्यांच्या हाती पगार आला, त्या आपल्या कुटुंबांत मात्र हा पहिला घास हरवला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत जमा होणाऱ्या रकमेला कणीस नसते. म्हणून ती सर्वस्वी आपल्याच कर्तृत्वाची वाटते.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. कृतज्ञता ही देण्याची गोष्ट आहे, वसूल करण्याची नव्हे. उपकाराचा दोर करून माणसाला बांधता येते, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. स्वातंत्र्यापूर्वी डहाणू-उंबरगाव भागात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेणारा वारली तरुण आपल्या पत्नीसह त्याच्याकडे राबू लागे आणि ते कर्ज आयुष्यभर फिटत नसे. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या वेठीचे आणि १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचे चित्रण केले आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पण हंगामाआधी उचल द्यायची आणि त्या उचलीवर मजुराला जखडून ठेवायचे, हा मार्ग पुरता बंद झालेला नाही. "अडीनडीला मी पैसे दिले, ते उपकार विसरलास?" हे वाक्य वरवर कृतज्ञतेची आठवण करून देणारे आहे, पण आत त्यात साखळी आहे.

ही साखळी केवळ भट्टीवर असते असे नव्हे. ती आपल्या घरातही खुळखुळते. "तुमच्यासाठी मी हाडाची काडे केली," असे मुलांना दिवसातून तीनदा ऐकवणारा बाप, "आम्ही होतो म्हणून तुला या घरात आणले," असे सुनेला सुनावणारी सासू, मोलकरणीला जुनी साडी देऊन वर्षभर तिचा पगार न वाढवणारी गृहिणी, हे सारे कृतज्ञतेची वसुली करीत असतात. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी. उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. त्या प्रश्नात वेदना होती. परंतु त्या नऊजणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. दान परतीच्या अटीवर दिलेले नव्हते. आपण दानधर्म करताना ही गोष्ट विसरतो. पाड्यावर वह्या वाटल्या, तर मुलांना रांगेत उभे करून 'थँक्यू' म्हणायला लावतो, छायाचित्र काढतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आपल्या आज्ञापत्रात बजावले आहे की, न्यायाने जे देणे आहे, ते दयेचे दान म्हणून देऊ नये. ज्याचे पाणी आपण पितो, त्याला दिलेली वही हे कदाचित दान नसेल. ती परतफेडीची अगदी छोटी सुरुवात असेल.

हे वाचून एखाद्याचे मन खिन्न होईल. प्रत्येक घोटापाशी, प्रत्येक विटेपाशी अपराधी वाटून घ्यायचे, तर जगायचे कसे? माझे सांगणे तसे नाही. अपराधभाव माणसाला स्वतःभोवती फिरवत ठेवतो. कृतज्ञता त्याला दुसऱ्याकडे नेते. ऋण ओळखण्यात एक निर्मळ आनंद आहे. आपण एकटे नाही, असंख्य हातांनी आपल्याला धरून ठेवले आहे, हे कळण्याचा तो आनंद आहे. संत थॉमस म्हणतात की, कृतज्ञतेचे ऋण प्रेमातून उगवते, म्हणून ते कधी संपू नये यात काही वावगे नाही. सावकाराचे कर्ज न फिटणे हा शाप. प्रेमाचे ऋण न फिटणे हा आशीर्वाद.

तसेच, दुःखात असलेल्या कुटुंबावर कृतज्ञतेची सक्ती करू नये. संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहितात ते सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्याविषयी. प्रत्येक आपत्तीबद्दल आभार माना, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या मातेचे लेकरू उपचारांवाचून गेले, तिला "देवाची इच्छा, आभार मान" असे सांगणे क्रूर आहे. त्या मृत्यूबद्दल आभार नसतात. त्या अंधारातही हात न सोडणाऱ्या देवाबद्दल, आणि सोबत रडणाऱ्या शेजाऱ्याबद्दल, आभार असू शकतात. तेही तिच्याच मुखातून, तिच्याच वेळी.

मग आपल्या घरात काय करता येईल? प्रथम, जेवणापूर्वीची प्रार्थना पुन्हा सुरू करावी आणि ती घाईने उरकू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या विश्वपत्रात या प्रार्थनेची मुद्दाम आठवण करून दिली आहे. तिच्यामुळे देवावरचे आपले अवलंबित्व, श्रम करणाऱ्यांचे ऋण आणि गरजूंशी असलेले नाते ध्यानी येते, असे ते सांगतात. त्या प्रार्थनेत रोज एका हाताची आठवण काढावी : कधी भात पिकवणारा, कधी मासळी आणणारी, कधी पाण्याचा डोंगर, आणि स्वयंपाक करणारी आई तर रोजच. दुसरे, रात्रीच्या रोझरीनंतर दोन मिनिटे दिवसाचे सिंहावलोकन करावे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची सुरुवात पापांच्या मोजणीने न करता मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानण्याने करायला सांगितले आहे. १५४२ सालच्या एका पत्रात त्यांनी कृतघ्नता हे सर्व पापांचे मूळ मानले आहे. मुलांनी तेव्हा सांगावे, "आज मला कोणी काय दिले?" तिसरे, आपल्या घरात आपण आभार हा शब्द परक्यांसाठी राखून ठेवतो; नवरा बायकोला आणि मूल आईला तो म्हणत नाही, कारण तो औपचारिक वाटतो. शब्द नको असेल तर नको, पण कृती हवी : तिने वाढल्यावर तिला वाढणारा एखादा हात, जेवून उठताना स्वतःचे ताट उचलणारा मुलगा. चौथे, जी बाई आपल्या घरी भांडी घासते, जो गडी वाडीत खपतो, त्यांचे नाव, गाव आणि मुले आपल्या मुलांना ठाऊक असावीत. त्यांचा मोबदला वेळेवर आणि पुरता मिळावा. पगार थकवून म्हटलेली आभारप्रार्थना स्वर्गापर्यंत पोहोचत नाही. आणि पाचवे, वर्षातून एकदा तरी कुटुंबाने आपल्या मिळकतीतला 'पहिला घास' बाजूला काढावा. उरलेसुरले नव्हे, पहिले. तो अशा ठिकाणी जावा जेथून आपल्याकडे काही आले आहे : एखाद्या पाड्यावरची विहीर, भट्टीवरच्या मुलांची शाळा, आश्रमशाळेतील एखाद्या मुलीचे पुढचे शिक्षण.

'युखरिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. ज्या रात्री प्रभूचा विश्वासघात झाला, त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन आभार मानले, ती मोडली आणि दिली. आभार आणि मोडून देणे यांत त्याने अंतर ठेवले नाही. पवित्र मिस्सात वेदीवर भाकर अर्पण करताना आम्ही धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतो, तीत परमेश्वराच्या औदार्याबरोबर भूमीचा आणि माणसाच्या श्रमांचाही उल्लेख असतो. त्या क्षणी प्रार्थनामंदिरात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाने मनाशी विचारावे : हे श्रम कोणाचे? त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? आणि आपण जी भाकर मोडतो, तीतला तुकडा त्यांच्यापर्यंत पोहोचतो काय?